वीतभर सल्काटा, दीड खोलीचं घर आणि दूर्वांची जुडी

प्रश्न असा आला आहे: आम्ही भांडुपला चाळीत राहतो. धाकट्याने वर्षभरापूर्वी सल्काटा जातीचं कासव आणलं, आता वीतभर झालंय. दुकानदाराने गोळ्यांचं खाद्य, काचेची टाकी, हीटर, खास बल्ब अशी यादी दिली, ती आम्हाला परवडण्यासारखी नाही. सध्या पोळी, भात, काकडी, टोमॅटो, पालक देते. पाठीवर टेंगळं यायला लागलीत. घरचे म्हणतात, पवईच्या तलावात सोडून दे. कमी पैशात नीट सांभाळता येईल का?

ताई, आधी तलावाचं बोलू. सल्काटा हे जमिनीवरचं कासव. त्याच्या पायाला पडदे नसतात, हत्तीसारखे खांब असतात. त्याला पोहता येत नाही, तलावात सोडलंत तर बुडून मरेल. मराठीत आपण पाण्यातल्यालाही कासव म्हणतो आणि जमिनीवरच्यालाही, त्यामुळे हा घोटाळा घरोघरी होतो. आणि पाण्यातलं असतं तरी सोडायचं नव्हतं. बाजारात मिळणारी लाल कानाची परदेशी कासवं लोक कंटाळून तलावात टाकतात आणि ती आपल्या देशी कासवांच्या वाट्याचं अन्न आणि ऊन खाऊन टाकतात.

दुसरी गोष्ट, ते सल्काटाच आहे ना, याची खात्री करून घ्या. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधल्या पिवळ्या ठिपक्यातून चांदणीसारख्या पिवळ्या रेषा फुटत असतील तर ते आपलं देशी चांदणी कासव. लोक त्याला स्टार टॉर्टॉइज म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते पाळायला बंदी आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. भरभराट होते म्हणून कुणी प्रेमाने दिलं असलं तरी गुन्हा तो गुन्हाच. तसं निघालं तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करून सुपूर्द करा. सल्काटाची पाठ एकसारखी फिकट तपकिरी, वाळूच्या रंगाची असते, खवल्यांच्या कडा थोड्या गडद, आणि मागच्या मांड्यांवर टोकदार काटे असतात. तुमच्या वर्णनावरून ते सल्काटाच वाटतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल लिहितो.

सांभाळता येईल, आणि दुकानदाराच्या यादीतलं तीन चतुर्थांश न घेता येईल. मी मुंबईच्या उपनगरात वीस वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतोय. माझ्याकडे येणारी आजारी कासवं गरिबाघरची कमी आणि हौसेने भरपूर खर्च केलेल्या घरची जास्त असतात. या प्राण्याचं मूळ गाव सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, सेनेगलपासून थेट इथिओपियापर्यंत. तिथे त्याला वर्षातले बरेच महिने वाळलेलं गवत मिळतं आणि त्यावर ते पन्नास-साठ वर्षं जगतं. त्याची गरज गवत, ऊन आणि पाणी एवढीच. तुमच्या घरात कमी पडतंय ते गवत आणि ऊन, आणि दोन्ही मुंबईत जवळजवळ फुकट आहेत.

पोळी आणि भात आजपासून बंद करा. कासवाच्या लांबलचक आतड्यात चोथा कुजवणारे जंतू असतात, गाईच्या पोटात असतात तसेच. पिठूळ अन्न गेलं की तिथे आंबतं, गॅस होतो, पातळ होतं. टोमॅटो आणि फळं गोड आणि आंबट, त्यांनी तीच तऱ्हा होते. काकडी म्हणजे पाणीच, त्यात पोषण नाही. पालक सगळ्यात फसवा. पालकात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं, म्हणजे कवचासाठी लागणारी वस्तू पोटात जाऊनही उपयोगी पडत नाही. लाल माठ, चाकवत आणि घोळ यांचंही तेच, पंधरा दिवसांतून एकदा चार पानं चालतील. अळू मात्र कधीच नको. आपल्या घशाला खाजवतं ना, तसंच त्याच्या घशाला खाजवतं, आणि ते सांगू शकत नाही.

मग द्यायचं काय? ताटातला ऐंशी टक्के भाग गवत. मुंबईत सगळ्यात सोपं गवत म्हणजे हरळी, आपल्या दूर्वा. फुलवाल्याकडे मंगळवारी आणि चतुर्थीला जुड्यांचा ढीग असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या जुड्या तो पाच-दहा रुपयांत, कधी तशाच देऊन टाकतो. तारीख सांगून ठेवलीत तर बाजूला काढून ठेवेल. देवाला वाहिलेल्या नकोत, त्यावर हळदकुंकू आणि तेल असतं. पिशवीत बांधून आलेल्या जुड्या आतून तापून पिवळ्या पडतात, त्या सोडून मोकळ्या करा, धुवा, दोरा काढून टाका. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांत म्हशींसाठी ओला चारा येतो, त्यातला मूठभर मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. तोच चारा सावलीत पसरून वाळवलात की सुकं गवत झालं. वीतभर कासवाला ते कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापून, थोडं भिजवून द्यायचं, नाहीतर ते कडक काड्या सोडून देतं.

उरलेल्या वीस टक्क्यांत पानंफुलं. जास्वंदीची पानं आणि फुलं (फूल तर ते धावत येऊन खातं), तुतीची पानं, शेवग्याचा पाला थोडा, रताळ्याचे वेल, भोपळ्याची कोवळी पानं, पावसाळ्यात केना. फड्या निवडुंगाचं पान काटे जाळून किंवा सुरीने खरवडून आठवड्यातून एकदा दिलंत तर पाणी, चोथा आणि कॅल्शियम तिन्ही मिळतं. भाजीवालीकडे संध्याकाळी मुळ्याचा पाला पडून असतो, तो चालेल. कोबी-फ्लॉवरचा पाला अधूनमधूनच. मेथीची दोन काडी गोडीसाठी. गोळ्यांचं खाद्य विषारी नसतं, पण गवताची सर त्याला नाही आणि पैसे त्यात सगळ्यात जास्त जातात. ते विसरा.

कुठून तोडायचं नाही तेही सांगतो. रेल्वेच्या कडेला आणि रस्त्याच्या दुभाजकावर गाड्यांचा धूर आणि तणनाशक असतं. सोसायटीच्या बागेत डासांसाठी धूर मारला असेल तर आठ-दहा दिवस हात लावू नका. दादरच्या फुलबाजारातली गुलाब-झेंडूची फुलं शेतात फवारलेली असतात, ती नकोत. आणि ही झाडं चुकूनही नाहीत: कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, घाणेरी, एरंड, मनी प्लांट. चाळीच्या गॅलरीत मनी प्लांटची कुंडी खाली ठेवलेली असते. कासव अगदी हळू चालतं म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि ते दिवसभर चालून नेमकं तिथेच पोचतं.

तुमच्या गॅलरीत हातभर जागा असेल तर तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडून एकात हरळीची मुळं आणि दुसऱ्यात जास्वंदीची काडी लावा. हरळी तीन आठवड्यांत धरते, वरून कापा, खालून पुन्हा येते. पाऊस असताना लावली तर पाणी घालायचंही काम नाही.

कॅल्शियमसाठी डबा विकत घ्यायची गरज नाही. तुमच्याकडे येणाऱ्या कोळणीला सांगा, मोठं माकूल साफ करताना निघणारं पांढरं हाड मला द्या. तेच आयुर्वेदातलं समुद्रफेन, बाहेर औषधाच्या दुकानातही मिळतं. ते दोन दिवस पाण्यात भिजवून मीठ काढा, उकळा, उन्हात खडखडीत वाळवा. आख्खं हाड त्याच्या जागेत पडू द्या, ते स्वतः येऊन चोचीने खरवडतं. शिवाय चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पूड आठवड्यातून तीनदा पानांवर भुरभुरा. मासे घरात येत नसतील तर अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरमधून मऊ पूड करा. एक गोष्ट मात्र नीट ऐका: पानाचा चुना देऊ नका. कॅल्शियमच आहे ना, म्हणून दोन घरांत दिलेला मी पाहिलाय, आणि दोन्ही कासवांची जीभ आणि घसा भाजून सोलला होता.

आता ऊन. खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचवायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं. हे किरण काचेतून आत येत नाहीत. बंद खिडकीतून फरशीवर पडलेलं सोनेरी ऊन त्याला ऊब देतं, पण कवच मात्र मऊच राहतं. म्हणून आठवड्यातून निदान पाच दिवस, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान अर्धा तास, त्याला थेट उन्हात न्या, अर्धी जागा सावलीत ठेवून. प्लॅस्टिकचं मोठं टब किंवा भाजीचा क्रेट घ्या, एका बाजूला फडकं टाका. आपण शेजारी बसायचं. चाळीच्या गॅलरीत कावळे बसलेले असतात, घार वरून फिरत असते, मांजर कठड्यावर. कठड्याच्या गजांमधून कासव सहज निसटतं आणि पहिल्या मजल्यावरून पडलं तरी कवच फुटतं.

काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण एका ऑक्टोबर महिन्यातला प्रसंग मी विसरू शकत नाही. एका कुटुंबाने कासवाला ऊन मिळावं म्हणून टाकीसकट बाल्कनीत ठेवलं आणि फोन आला म्हणून आत गेले. चाळीस मिनिटांनी माझ्याकडे आणलं तेव्हा तोंडातून फेस आलेला होता आणि कवच हाताला चटका देत होतं. त्यांनी काळजीपोटीच ठेवलं होतं. मी पाण्याने गार करत राहिलो, पण ते गेलं. काच ऊन अडकवून भट्टी करते. तुम्ही टाकी घेतली नाहीत हे बरंच झालं.

जून ते सप्टेंबर हा एकच काळ आहे ज्यासाठी मी पैसे साठवायला सांगतो. महिना-महिना ढग असतात, तेव्हा यूव्हीबीची नळी, म्हणजे ते किरण देणारी दिव्याची ट्यूब, हवी. रात्रीचे लाल-निळे बल्ब नकोत, दगडासारखे हीटर नकोत, मोठा खर्च करायचा तो फक्त यूव्हीबीच्या नळीवर. ती कासवाच्या पाठीपासून पाकिटावर लिहिलेल्या अंतरावर टांगायची, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नाही, दिवसाला दहा-बारा तास. प्रकाश दिसत राहतो पण किरण आधी संपतात, म्हणून कायम लावली तर वर्षभराने बदलावी लागते. तुम्ही ती फक्त पावसाळ्यातच लावा आणि उरलेल्या दिवसांत ऊन द्या, म्हणजे दोन पावसाळे निघतील. उबेसाठी जुन्या पद्धतीचा चाळीस किंवा साठ वॉटचा पिवळा बल्ब एका कोपऱ्यावर टांगा, खाली साधारण 35 अंश आणि दुसऱ्या टोकाला 27-28 अंश असू द्या. साधं थर्मामीटर ठेवून बघा, हाताने अंदाज चुकतो. एलईडीने ऊब येत नाही. मुंबईच्या रात्रींना हीटरची गरज सहसा पडत नाही, जानेवारीत पारा 18 च्या खाली गेला तर टबावर गोधडी टाका. हे कासव हिवाळ्यात झोपणाऱ्या जातीतलं नाही. दोन दिवस डोळे मिटून पडून राहिलं तर ते थंडीने गारठलंय किंवा आजारी आहे.

टेंगळांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच दिसते. बरीच वर्षं आम्हीही सांगायचो की जास्त प्रथिनं खाल्ली की कवच पिरॅमिडसारखं चढतं. 2003 मध्ये सल्काटाच्याच पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोठा दोष हवेतल्या कोरडेपणाचा आहे, प्रथिनांचा त्यामानाने कमी. मुंबईत दमट हवा असताना कोरडेपणा कुठून? पंख्यातून. दीड खोलीत पंखा दिवसभर चालतो आणि त्याचा झोत जमिनीवरच्या पिल्लाला सुकवतो. म्हणून त्याचा टब पंख्याच्या झोताबाहेर ठेवा आणि त्यात ओलसर गुहा करा. पाण्याचा चिरलेला माठ असेल तर उभा अर्धा करून पालथा घाला, कडा दगडावर घासून गुळगुळीत करा. आत नर्सरीतला कोकोपीट आणि लाल माती मिसळून, मुठीत दाबली तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही एवढी ओली ठेवा. टबाच्या उरलेल्या भागात वरचा थर कोरडा हवा, नाहीतर पोटाचं कवच कुजतं. वाळू नको, वर्तमानपत्रही नको. गुळगुळीत लादीवर त्याला मोकळं सोडू नका, वाढत्या वयात पाय बाहेर फाकतात आणि तसेच राहतात.

आलेली टेंगळं जाणार नाहीत. पण दोन खवल्यांच्या मधे बोटाने पुसून बघा, फिकट, जवळजवळ हस्तिदंती रंगाची बारीक रेघ दिसेल. ती नवी वाढ. खाणं आणि ओल सुधारली की दोन-तीन महिन्यांत ती रेघ सपाट यायला लागते. माझं सगळं लक्ष त्या रेघेवर असतं, जुन्या टेंगळांवर नाही.

आंघोळ रोज घाला, निदान ते दीड वीत होईपर्यंत. परातीत कोमट पाणी, मनगटाला गरम न लागेल इतपत, आणि खोली त्याच्या हनुवटीच्या खाली. पहिली दोन मिनिटं ते परातीच्या कडेला पाय घासत राहतं. मग थांबतं, मान लांब करतं, नाकापर्यंत तोंड पाण्यात बुडवतं आणि गळा खालीवर हलायला लागतो. ते पीत असतं. थोड्या वेळाने मागून पांढरट काहीतरी येतं. ते पेस्टसारखं मऊ असेल तर पाणी पुरतंय. खडूसारखं रवाळ किंवा खडेदार असेल तर शरीरात पाणी कमी आहे आणि पुढे मूतखडा होऊ शकतो. पंधरा-वीस मिनिटांनी काढून पुसा. ही परात फक्त त्याचीच, स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाही. कासवाच्या विष्ठेत सॅल्मोनेला नावाचे, जुलाब-ताप आणणारे जंतू असू शकतात. अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. धाकट्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा.

खाणं वाढायला ताट नको. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा तुकडा आणा आणि त्याची खडबडीत बाजू वर ठेवा. खाताना चोच आणि नखं आपोआप घासली जातात, मातीही पोटात जात नाही. नाहीतर चोच वाढते आणि मग माझ्याकडे कापायला यावं लागतं. थर्माकोलचा खोका मात्र घर म्हणून वापरू नका, ते पांढरे मणी खातात.

काही गोष्टी प्रेमाने केल्या जातात आणि घात करतात. कवचाला खोबरेल तेल लावू नका, रंग नको, दोरी बांधायला भोक तर नाहीच, कवचाला नसा आणि रक्त असतं. दूध, कुत्र्याचं खाणं, उकडलेलं अंडं नको. कुत्र्याला जंताचं औषध दिलं म्हणून कासवाला त्यातलं थेंबभर, असं कधीच नाही. त्या औषधात आयव्हरमेक्टिन असू शकतं, आणि ते थोडं दिलं तरी कासव मरू शकतं. जोडी म्हणून दुसरं आणू नका. सल्काटा एकटा राहणारा प्राणी आहे, दोन नर एकमेकांना उलथवतात आणि उलटं पडलेलं कासव उन्हात किंवा पाण्यात मरतं. रात्री टबावर जाळी असू द्या, चाळीतल्या घुशी झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून वर करणं, डोळे सुजणं, दाबल्यावर कवच कागदी लागणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. परळला बैलघोड्याचा दवाखाना आहे, त्याच आवारात 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. वर्षातून एकदा शी तपासून घ्या. जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा आग्रह धरू नका, अ आणि ड जास्त झालं तर कातडी सोलते आणि मूत्रपिंडं जातात.

एक अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. सल्काटा जमिनीवरच्या कासवांत जगात तिसरं मोठं आहे. नर 40-50 किलोंचा, अडीच फुटांचा होतो. आज परातीत मावतो, दहा वर्षांनी दीड खोलीत मावणार नाही, आणि भिंतीला धडका देईल. पाच-सहा वर्षं तुमच्याकडे आरामात जातील. तेवढ्या वेळात बदलापूर, कर्जत, शहापूरकडे ज्यांची जमीन आहे असा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस बघून ठेवा, ज्याच्याकडे चारशे-पाचशे चौरस फूट कुंपणातली गवताची जागा असेल. कागद आजच करा: सल्काटा साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि केंद्र सरकारच्या 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या वेबसाइटवर करावी लागते. उद्या दुसऱ्याला द्यायचं झालं, किंवा ते वारलं, तरी तिथेच कळवावं लागतं. मुलाने ते ज्याच्याकडून आणलं त्याच्याकडे खरेदीचा कागद असेल तर मागून घ्या.

आणि एक वही करा. वाण्याकडचा नाही, स्वयंपाकघरातला तीन-चारशे रुपयांचा डिजिटल काटा घ्या, दर रविवारी आंघोळीआधी वजन लिहा. त्याच पानावर त्या आठवड्यात काय खाल्लं, किती वेळ ऊन मिळालं. वजन दोन रविवार सलग उतरलं तर फोन करा, नाहीतर दोन महिन्यांनी ती वही आणि कासव दोघांना घेऊन या, ती फिकट रेघ मला बघायची आहे.